तरंगत्या पंपाचा पाइप: कॅन किती, कुठे आणि कसे बांधायचे

बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की कृष्णा रातोरात उतरते आणि काठावरची मोटर सकाळी हवा ओढायला लागते. धोम, कण्हेर, उरमोडी धरणांच्या फुगवट्यावर हेच सावकाश घडतं. उन्हाळाभर पाणी मागे सरतं आणि फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह) खांद्यावर घेऊन माणसं त्याच्यामागे जातात. ड्रमच्या तराफ्यावर पंप सोडला की ही पळापळ थांबते. तराफा गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देतो. घोळ होतो तो तराफ्यापासून काठापर्यंतच्या पाइपात, कारण त्याला उचल, म्हणजे तरंगत ठेवणारा जोर, किती लागते याचा हिशेब बऱ्याचदा उलटा मांडलेला असतो.

उदाहरणाला ११० मिमीचा काळा एचडीपीई पाइप घेऊ, भिंत ४.२ मिमी. एका मीटरमध्ये साधारण ८ लिटर पाणी मावतं आणि पाइपाचं स्वतःचं वजन सव्वा ते दीड किलो. म्हणजे भरलेला पाइप मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. ६० मीटरला पावणेसहाशे किलो धरून लोक दोनशे लिटरचे ड्रम रांगेनं बांधत सुटतात. पण पाइप पाण्यात असेल तर आतलं पाणी बाहेरच्या पाण्यावरच तोललं जातं, ते हिशेबात येत नाही. राहतो नुसता प्लॅस्टिकचा भार, आणि एचडीपीई पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. त्यामुळे भरलेला काळा पाइप कॅनशिवायही जेमतेम तरंगतो.

मग कॅन हवेत कशाला? चार गोष्टींसाठी. एक, लोखंडी फ्लेंज (दोन पाइप जोडायच्या चकत्या) आणि नटबोल्ट. ४ इंची जोडाचं वजन सात-आठ किलो सहज भरतं आणि लोखंडाचं वजन पाण्यात फारसं कमी होत नाही. दोन, गाळ. पंप बंद असताना पाइपाच्या तळाला अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा गाळ बसला तर मीटरमागे सव्वा ते दीड किलो भार वाढतो. तीन, दोन्ही टोकांचे रबरी होज. रबर आणि आतली तार दोन्ही बुडणारी. चार, पाइपाचा जो भाग पाण्याच्या वर उचललेला आहे तो. तिथे मात्र पूर्ण साडेनऊ किलोनं मोजायचं. तराफ्यावरचं बाक (पाइपाचा वळवलेला तुकडा) आणि काठाशी हवेत लोंबणारा तुकडा, खरा भार इथेच असतो आणि नेमका इथेच कॅन बांधलेला नसतो.

पाइप पीव्हीसीचा असेल तर तो भरल्यावर बुडतोच. होजचं वजन दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. एक मीटरचा तुकडा ताणकाट्याला दोरीनं लटकवा आणि पाण्याच्या बॅरलमध्ये पूर्ण बुडवा. आत हवा अडकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते त्याचं पाण्यातलं वजन. तेवढी उचल दर मीटरला लागणार.

आता कॅन. दर ३ मीटरला गाळाचे साडेचार किलो, जोड असेल तर त्याचे आठ, मिळून साडेबारा-तेरा. याच्या दुप्पट उचल ठेवावी. २० लिटरचा बंद कॅन स्वतःचं वजन वजा जाता १८-१९ किलो उचलतो. पाइपाच्या दोन्ही अंगांना एकेक, अशी जोडी दर ३ मीटरला पुरते. ६० मीटरला २० जोड्या, म्हणजे ४० कॅन. शिवाय रबरी होजला प्रत्येकी एक जोडी जास्त. एकच मोठा कॅन पाइपाच्या वर बांधला तर पाइप गरकन फिरतो आणि कॅन खाली जातो. जोडी असली की भोपळ्याच्या सांगडीसारखा तोल राहतो. मोठे ड्रम थोड्या ठिकाणी बांधण्यापेक्षा लहान कॅन जास्त ठिकाणी बरे. ड्रमवर प्रवाह आणि वारा दोन्ही जोर धरतात आणि तो सगळा जोर पाइपाच्या एकाच जागी येतो.

पातळ पांढरे कॅन घेऊ नका, उन्हानं ते ठिसूळ होऊन तडकतात. निळे किंवा काळे जाड कॅन घ्या. झाकण भर उन्हात लावलं तर पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते, कॅन चेपतो आणि झाकणातून पाणी ओढून घेतो. झाकण सकाळी सावलीत, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून लावा आणि तोंड कायम वरच्या बाजूला ठेवा. आत थर्माकोलचे तुकडे भरले तर कॅन फुटला तरी बुडत नाही. मात्र कॅन डिझेलचा असेल तर आधी नीट धुवा, डिझेलनं थर्माकोल विरघळतं.

बांधणी ही सगळ्यात नाजूक जागा. एचडीपीई मेणासारखा गुळगुळीत असतो. नायलॉनची दोरी कितीही आवळा, आठ दिवसांत कॅन सरकत सरकत एका टोकाला गोळा होतात आणि मधला पाइप उघडा पडतो. टायरची ट्यूब कापून तिची पट्टी पाइपाभोवती दोन फेरे गुंडाळा. तिच्यावर चाळीसेक मिमी रुंदीचा नायलॉनचा पट्टा बकलनं आवळा आणि कॅन त्या पट्ट्याला बांधा, पाइपाला नव्हे. त्याहून पक्कं हवं असेल तर त्याच पाइपाच्या तुकड्यातून अर्ध्या कड्या कापून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगवाल्याकडून चिकटवून घ्या. बाइंडिंगची तार वापरू नका, ती लाटांबरोबर करवतीसारखी चालते. समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या लवचिक नळ्यांना फ्लोट लावतात तेही याच तत्त्वावर. आतला क्लॅम्प नळीला घट्ट धरतो आणि दोन अर्ध्यांचा फ्लोट त्या क्लॅम्पवर बसतो. तिथे पोकळ कॅन मात्र चालत नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि कॅनमधली हवा निम्मी होते. म्हणून काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या राळेत बसवून केलेला घट्ट फोम वापरतात. आपले कॅन पाण्याच्या पृष्ठावरच ठेवायचे, याचं कारणही हेच.

पाइप जोडताना लांबी काठापर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा १० ते १५ टक्के जास्त ठेवा. काळा पाइप दुपारी रिकामा असताना तापतो आणि पाणी आलं की आकसतो. ६० मीटरमध्ये हा फरक वीस-तीस सेंटिमीटर होतो. ताठ बांधला तर फ्लेंजचे बोल्ट तुटतात नाहीतर तराफा काठाकडे ओढला जातो. वळण मोठं ठेवा. या पाइपाला ४ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका आणि वळणात फ्लेंज येऊ देऊ नका. दोन्ही टोकांना ३ मीटरचा रबरी होज असला की तराफ्याचं डुलणं तिथेच जिरतं.

काठाचा उतार लक्षात घ्या. उतार एकास तीन असेल आणि पाणी ६ मीटर उतरणार असेल तर पाण्याची कड १८ मीटर आत जाते. तेवढा पाइप आधीच जोडून काठावर ठेवा, दर १२ मीटरला फ्लेंज.

तराफ्याला चार २०० लिटरचे ड्रम लागतात. १०० किलोचा पंप, ९० किलोची अँगलची चौकट, वर काम करणारी दोन माणसं, ड्रमचं वजन आणि पाइपाचं बाक धरून भार ४०० किलोच्या आसपास जातो. ड्रम अर्धेच बुडायला हवेत. जास्त बुडत असतील तर ड्रम वाढवा, माणसांचं वजन वजा करू नका. तराफ्याला दोन दोर वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. काठावर खुंट ठोकण्यापेक्षा दीड मीटर खोल आडवा ओंडका पुरून त्याला दोर बांधा. ओल्या मळीत खुंट उपसून येतो.

प्रवाहाचा जोर कमी लेखू नका. सेकंदाला १ मीटर वेगानं वाहणारं पाणी आडव्या ६० मीटर पाइपावर सव्वातीनशे किलोच्या वर रेटा देतं. कॅनचा वेगळा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून तराफा प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगरा आणि पाइप तिरपा खाली काठाकडे आणा, म्हणजे पाणी पाइपाच्या अंगावर न येता त्याच्या कडेनं जातं. जलपर्णी साचू देऊ नका. तिचा पट्टा पाइपाला अडकला की तो शिडासारखा ओढतो.

सोडताना पाइपाच्या दोन्ही तोंडांना बंद फ्लेंज लावा. रिकामा पाइप ओंडक्यासारखा तरंगतो आणि दोन माणसं तो सहज ओढून नेतात. कॅन काठावरच बांधून घ्या, पाण्यात नाही. तराफ्याला जोडल्यावर व्हॉल्व्ह चिमटीएवढा उघडून सावकाश भरा. पंपाच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवाच. तो नसेल तर मोटर थांबली की काठावरचं पाणी उलटं येतं, पंप उलटा फिरतो आणि पाइप निम्मा रिकामा होऊन मधेच कमान धरतो. सगळ्यात उंच जागी, म्हणजे तराफ्यावरच्या बाकावर आणि काठाच्या माथ्यावर, एअर व्हॉल्व्ह बसवा. तिथे हवा साठली की पाणी अडतं. काठाच्या पलीकडे पाइप खाली उतरत असेल तर बंद होताना आत पोकळी तयार होऊन पातळ पाइप चपटा होतो, तेही या व्हॉल्व्हनं टळतं.

कोयनेच्या जलाशयात बामणोली-तापोळ्याकडे लाँचची ये-जा असते. अशा ठिकाणी पाइप दोन मीटर खाली धरावा लागतो. पाइपाला दर ३ मीटरला सिमेंटचं वजन, वर कॅन आणि मधे मोजून कापलेली २ मीटरची दोरी. वजनाला पाण्यातलं चार-पाच किलो पुरे. एनआरव्ही गळून पाइप रिकामा झाला तर मीटरला आठ किलो उचलीनं तो वजनांसकट वर येतो. म्हणून लाँचच्या वाटेवर एनआरव्हीची तपासणी चुकवू नका.

केबल पाइपाला आवळू नका. वेगळ्या दोराला सैल बांधा आणि तिची लांबी दोरापेक्षा जास्त ठेवा, म्हणजे ताण दोरावर येतो. केबलचा जोड पाण्यात नको. ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. कुणीही पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करून पेटीला कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात असू द्या. अंगात लाइफ जॅकेट हवं. पाणी उपशाचा परवाना पाटबंधारे खात्याकडून आधी घ्या.

मृगाच्या आधी सगळं बाहेर काढा. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, पण पाइपाचा धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, कारण पुराआधी नदीचा वेग वाढतो. आधी काठाकडची फ्लेंज सोडून पाइप रिकामा होऊ द्या, मग तराफ्याकडची फ्लेंज सोडा आणि शेवटी दोर. उलट क्रमानं गेलात तर भरलेला पाइप प्रवाहात आडवा होतो. पाइप पूररेषेच्या वर, सावलीत ठेवा. कॅनची झाकणं सैल करून ठेवा, नाहीतर पत्र्याखाली तापून ते फुगतात आणि पुढच्या हंगामात निम्मे गळके निघतात.