गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही: लपलेला फॉल्ट कसा पकडायचा

आयटीआयमधून एमएमव्ही (मेकॅनिक मोटर व्हेईकल) करून सांगली-मिरजेच्या गॅरेजात उभं राहिलं की अशी गाडी लवकरच समोर येते. मालक सांगतो, "सकाळी तीनदा सेल्फ घेतला नाही," आणि तुमच्यापुढे ती पहिल्या चावीला चालू होते. अशा वेळी अंदाजाने नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बसवू नका. मालकाचे पैसे जातात, फॉल्ट तिथेच राहतो. आधी विचारा: गाडी गार होती की गरम? पाऊस होता का, गाडी धुतली होती का? चावी फिरवल्यावर दिवे मंद झाले का? आवाज कसला आला?

आवाजावरून निम्मी दिशा कळते. भराभर टकटकटक होत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. सोलेनॉइड (सेल्फवरचा, चावीने चालणारा विजेचा स्विच) ओढतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढतो. एकच 'टक' होऊन शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) झिजलेले. दिवे लख्ख आणि आवाज काहीच नाही, म्हणजे सोलेनॉइडला चावीकडून सप्लाय येत नाही. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनच्या फ्लायव्हीलशी जोडणारा गिअर) बघा.

मीटर लावायच्या आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी काढलेली. पेट्रोल गाडीत कॉइलची प्लसची वायर आणि डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवा, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन चालू होणार नाही. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर आधी ती चार्ज करून पुन्हा तपासा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत.

आता खरं काम. जुन्या गाडीत बऱ्याचदा दोष केबलमध्ये, टर्मिनलमध्ये किंवा अर्थमध्ये (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या जोडात) सापडतो, आणि तो ओहमच्या रेंजवर दिसत नाही. हिशोब करून बघा: सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.०१ ओहम असेल, तरी तिथे दीड व्होल्ट खाल्ला जातो. साध्या मीटरवर ०.०१ ओहम म्हणजे शून्यच. म्हणून करंट वाहत असताना ड्रॉप (वाटेत खाल्ला जाणारा व्होल्टेज) मोजायचा. मीटर व्होल्टवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर लावा (क्लॅम्पवर नव्हे, कारण बऱ्याचदा दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो), काळी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. मग काळी बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर: इथे ०.२ च्या आसपास. जास्त आलं तर बॅटरीपासून बॉडी आणि बॉडीपासून इंजिन या दोन्ही अर्थ पट्ट्या सोडवा, रंग-गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत करा, घट्ट बसवून पुन्हा मोजा.

सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या, चावीकडून येणाऱ्या बारीक वायरचाही ड्रॉप असाच घ्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत तिला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नसतो. सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो आणि आतले कॉन्टॅक्ट काळे पडतात. खंबाटकी घाट चढून आलेली गाडी ढाब्यावर थांबते आणि पुन्हा सेल्फ घेत नाही, ती बऱ्याचदा याच कारणाने. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो; ७० अंश जास्त तापलेली सोलेनॉइडची कॉइल पाचव्या भागाहून थोडा जास्त करंट गमावते, त्यात स्विच दोन व्होल्ट खातो. छोट्या गाडीत ४० अँपिअरचा रिले बसवा: चावीची वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला, ८५ अर्थला, बॅटरीकडून ३० अँपिअर फ्यूजमधून ३० नंबरच्या पिनला, आणि ८७ वरून ४ चौरस मिलिमीटरची वायर सोलेनॉइडला. सेल्फवर हलकं ठोकल्यावर तो फिरला तर कार्बन संपत आलेत. जोरात ठोकू नका, कायम चुंबकाच्या सेल्फमध्ये चुंबक तडकतो.

ट्रॅक्टरवाले पान्याने सोलेनॉइड शॉर्ट करून सेल्फ मारतात. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर तिथेच चालू होऊन चाकाशेजारच्या माणसाच्या अंगावर जातो. हे कधी करू नका, आणि गिऱ्हाइकाला शिकवू तर अजिबात नका.

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या गाड्यांत कार्पेटखालचे कनेक्टर आधी उघडा. हिरवा थर दिसला की वायर मागे कापत जा. गाळाचं पाणी इन्सुलेशनच्या आत चढून तांबं काळं करतं. चकाकतं तांबं लागल्यावर क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा). नुसती पीळ देऊन टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात गाडी परत येते. महाबळेश्वरकडच्या पावसात कार्ब्युरेटरची गाडी सकाळी सेल्फ घेते पण चालू होत नसेल, तर अंधारात एचटी वायर (प्लगला जाणारी हाय व्होल्टेजची वायर) आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारून सेल्फ मारा. गळणारी ठिणगी निळी दिसते.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर मायनस वायर काढून मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. चावी फिरवू नका, मीटर जळेल. दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा; कुठल्याच फ्यूजने कमी झालं नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, डायोड गळत असतो.

इतकं करूनही फॉल्ट सापडला नाही, तर गाडीत दोन ५ वॅटचे दिवे बसवून मालकाला आठवडाभर वापरू द्या. एक ५० नंबरच्या वायरवर, दुसरा कॉइलच्या किंवा स्टॉप सोलेनॉइडच्या प्लसवर, दोन्ही अर्थ केलेले आणि डॅशबोर्डवर दिसतील असे. साधे फिलामेंटचेच घ्या; एलईडी गंजलेल्या जोडातूनही पेटतो आणि फसवतो. सेल्फ घेतला नाही त्या क्षणी पहिला दिवा पूर्ण पेटला असेल तर दोष सोलेनॉइड, सेल्फ, जाड केबल किंवा अर्थ यांत. मंद किंवा विझलेला असेल तर आधी बॅटरी-टर्मिनल, मग चावीचा स्विच आणि वायरिंग. चालता चालता इंजिन बंद पडताना दुसरा दिवा विझला, तर इग्निशनच्या वायरीचा मागोवा स्टिअरिंगखालच्या कनेक्टरपासून घ्यायला सुरुवात करा.