लेझर लेव्हल वापरताना या चुका टाळा: पातळी बरोबर, पण उंची चुकलेली

साइटवर लेझर लेव्हल आली की पाण्याची नळी आणि लाइनदोरी कोपऱ्यात जाऊन पडतात, आणि थोड्याच दिवसांत ‘मशीन फरक दाखवते’ ही तक्रार सुरू होते. अशा तक्रारींमध्ये यंत्र खरोखरच बिघडलेले असते असे प्रसंग तुलनेने कमी असतात. लेझर लेव्हल फक्त एक आडवी, क्षितिजसमांतर पातळी देते. ती पातळी बेंचमार्कपासून (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून) किती उंचीवर आहे हे तिला ठाऊक नसते आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. उंची राखणे हे काम यंत्र लावणाऱ्याचे आणि स्टाफ (मापे आखलेली उभी पट्टी) धरणाऱ्याचे आहे. पुढे दिलेल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळेच होतात.

ट्रायपॉड खचतो, यंत्र सावरते आणि चूक लपते

आजची बहुतेक यंत्रे स्वतःला आपोआप समतल करून घेतात. टाइल्स, फॉल्स सीलिंग किंवा किचन ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाइन लेझरमध्ये आत एक लोलक टांगलेला असतो, तर जोते, स्लॅब आणि रस्त्याच्या कामावर वापरल्या जाणाऱ्या, किरण चौफेर फिरवणाऱ्या रोटरी लेझरमध्ये लहान मोटरी किरणाचा अक्ष उभा करतात. ही सोय साधारण चार-पाच अंशांच्या तिरकेपणापर्यंत चालते; त्यापलीकडे यंत्र तिरके असल्यास किरण लुकलुकतो किंवा बंद पडतो.

धोका या सोयीतच आहे. पावसाळ्यात काळ्या मातीवर उभ्या केलेल्या ट्रायपॉडचा एक पाय खचला आणि त्यामुळे यंत्र आठ मिलिमीटर खाली आले, असे समजू. साध्या ऑटो लेव्हलवर (दुर्बिणीच्या पातळीयंत्रावर) काम करणारा माणूस दुर्बिणीला डोळा लावून असतो, त्यामुळे बबल सरकलेला त्याच्या नजरेस येण्याची थोडी तरी शक्यता असते. रोटरी लेझर मात्र क्षणभर थांबते, स्वतःला पुन्हा समतल करते आणि नव्या, खालच्या उंचीवर फिरू लागते. तीस मीटरवर डिटेक्टर (किरण लागला की वाजणारे उपकरण) धरून उभा असलेला मदतनीस काम पुढे चालू ठेवतो आणि त्यानंतरची प्रत्येक खूण आठ मिलिमीटरने, म्हणजे मिस्त्रीच्या मापात अडीच सुताने, चुकते. सगळ्या खुणा एकमेकींशी अगदी समपातळीत असल्याने पाणसळ लावूनही ही चूक सापडत नाही.

यासाठीच चांगल्या रोटरी लेझरमध्ये टिल्ट अलार्म दिलेला असतो. यंत्राला धक्का बसला की तो किरण थांबवतो आणि माणसाने येऊन उंची तपासेपर्यंत सुरू होऊ देत नाही. व्हायब्रेटर किंवा रोलर चालू असताना हा अलार्म वारंवार वाजतो म्हणून तो बंद करून टाकण्याची पद्धत अनेक साइटवर दिसते. अलार्म सतत वाजत असेल तर जागा चुकली आहे असे समजावे आणि ट्रायपॉड मिक्सर, पोकलेन व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर न्यावा. स्लॅब ओतताना तर यंत्र शटरिंगवर (काँक्रीटच्या तात्पुरत्या साच्यावर) मुळीच उभे करू नये, कारण काँक्रीटचे वजन पडेल तशी सेंटरिंग (साच्याखालचा आधार) दबते आणि यंत्रही तिच्याबरोबर खाली जाते. आधी झालेल्या कॉलमवर किंवा जिन्याच्या पक्क्या भागावर ब्रॅकेट लावून ते बसवावे.

अलार्म असो वा नसो, तात्पुरत्या बेंचमार्कवरचे रीडिंग (तिथे ठेवलेल्या स्टाफवर किरण ज्या मापावर पडतो ते) काम सुरू करताना, मध्ये दर तासाला आणि यंत्र उचलण्यापूर्वी घेऊन वहीत लिहावे. शेवटचे रीडिंग पहिल्याशी जुळले नाही तर दोन तपासण्यांमधल्या कामापुरतेच पुन्हा पाहावे लागते. हे रीडिंग नसेल तर दिवसभराचे काम संशयात राहते.

खूण कुठून आणली?

बेंचमार्कची उंची १००.००० मीटर धरली आणि त्यावरचे रीडिंग १.४२५ आले, तर किरणाची उंची १०१.४२५ होते, जोत्याची पातळी १००.६०० हवी असल्यास तिथे डिटेक्टर ०.८२५ वर वाजला पाहिजे. ही वजाबाकी सोपी असूनही ती तोंडी केली जाते आणि दुपारनंतर यंत्र हलवल्यावर सकाळचीच किरणाची उंची वापरली जाते. यंत्र हलले की नवे रीडिंग आणि वहीत नवी ओळ, हा नियम सोडू नये.

मजल्यावरून मजल्यावर पातळी नेताना खालच्या स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजणे ही चूक तर फारच प्रचलित आहे. स्लॅबचा पृष्ठभाग कधीच एकसारखा नसतो आणि प्रत्येक मजल्यावर आधीच्या मजल्याची चूक पुढे चालत जाते. एका मजल्याला तीन मिलिमीटर चुकले आणि सगळ्या चुका एकाच दिशेने पडल्या तर दहाव्या मजल्यावर तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. लिफ्टच्या दारांचे उंबरे बसवताना हा फरक अंगावर येतो. त्यामुळे तळमजल्यावरच्या पक्क्या खुणेपासूनच स्टीलची टेप डक्टमधून किंवा जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून ताणून मोजावे आणि त्या मजल्यावर लेझरने सर्व कॉलमवर एक मीटरची रेघ फिरवावी. खूण रंगाच्या जाड पट्ट्याने न करता त्रिकोण काढून करावी आणि त्याची वरची कड म्हणजे पातळी, हे साइटवर सर्वांना ठाऊक असावे. ओल्या प्लास्टरवर किंवा लाकडी बल्लीवर काढलेली खूण ही खूण नव्हे.

डिटेक्टर आणि स्टाफ

डिटेक्टरची शून्यरेषा म्हणजे त्याच्या बाजूला असलेली खाच. ही खाच डिटेक्टरच्या वरच्या कडेपासून काही अंतर खाली असते. ते अंतर बहुधा मागच्या बाजूला छापलेले असते. भिंतीवर डिटेक्टर धरून वरच्या कडेला पेन्सिल मारणारा आणि स्टाफवर खाचेशी वाचणारा अशी दोन माणसे एकाच साइटवर असली की खोल्या आणि पॅसेज यांच्यात नेमका तेवढाच फरक निघतो. दोष मात्र यंत्राला दिला जातो.

अनेक डिटेक्टरना दोन अचूकता दिलेल्या असतात. माती भरण्याच्या किंवा खोदाईच्या कामासाठी ठोक सेटिंग पुरते, पण त्याच सेटिंगवर जोत्याची पातळी घेतली तर डिटेक्टर दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात कुठेही अखंड आवाज देतो. कामाचा प्रकार बदलला की सेटिंग बदलावे, आणि क्लॅम्प स्टाफवर घसरलेला नाही ना, हे हाताने ओढून पाहावे.

स्टाफ तिरका धरल्यास रीडिंग नेहमी जास्तच येते, म्हणजे जागा असते त्यापेक्षा खाली भासते. तीन मीटरच्या रीडिंगला दोन अंशांचा कल जवळपास दोन मिलिमीटर वाढवतो, तर पाच अंशांचा कल अकरा मिलिमीटरहून अधिक. वारा असताना हे सहज घडते. स्टाफवरचा बबल पाहूनच रीडिंग घ्यावे. बबल नसेल तर स्टाफ पुढे-मागे हळू झुलवून सर्वांत कमी आलेले रीडिंग लिहावे.

डिटेक्टर मध्येच विनाकारण वाजत असेल तर आजूबाजूला काच, एसीपीचे (अॅल्युमिनियमच्या सजावटी पॅनेलचे) पत्रे, साचलेले पाणी किंवा लुकलुकणारा दिवा आहे का ते पाहावे. परावर्तित किरण डिटेक्टरला फसवतो. लाइन लेझर उन्हात डिटेक्टरवर घ्यायची असेल तर तिच्यावरचे पल्स मोडचे (डिटेक्टरला ओळखता येईल असा किरण वेगाने चालू-बंद करणारे) बटण दाबलेले असले पाहिजे आणि डिटेक्टर त्या रंगाच्या किरणासाठी बनवलेला असला पाहिजे. लाल किरणाचा डिटेक्टर हिरव्या किरणाला प्रतिसाद देईलच असे नाही. हिरवा किरण डोळ्याला ठळक दिसतो, कारण आपला डोळा त्या तरंगलांबीला अधिक संवेदनशील असतो, पण त्यामुळे तो अधिक अचूक ठरत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

तपासणी: एका भिंतीची चाचणी पुरत नाही

यंत्र तपासण्याची सर्वांना माहीत असलेली पद्धत अशी. भिंतीपासून तीस मीटरवर रोटरी लेझर लावावी, भिंतीवर पातळी खुणावावी, यंत्र जागेवरच अर्धे वर्तुळ फिरवून पुन्हा खुणावावे. दोन खुणांमधले अंतर हे चुकीच्या दुप्पट असते. यंत्राची अचूकता तीस मीटरला दीड मिलिमीटर दिली असेल तर दोन खुणांत तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्यानंतर यंत्र काटकोनात फिरवून दुसऱ्या अक्षासाठी हेच करायचे असते, पण ते बहुतेक जण करत नाहीत. एक अक्ष बरोबर आणि दुसरा चुकलेला, असे यंत्र पडल्यानंतर सहज होऊ शकते.

या चाचणीत न सापडणारा आणखी एक दोष आहे. फिरणारा किरण अक्षाशी नेमका काटकोनात नसेल तर सपाट प्रतलाऐवजी अतिशय उथळ शंकू तयार होतो. अशा वेळी यंत्र कसेही फिरवा, एकाच भिंतीवर प्रत्येक खूण सारखीच वर किंवा खाली पडते, त्यामुळे दोन्ही खुणा तंतोतंत जुळतात आणि यंत्र निर्दोष ठरते. हा दोष पकडायला ऑटो लेव्हलची जुनी दोन खुंट्यांची चाचणीच लागते.

चाळीस मीटर अंतरावर दोन पक्क्या खुंट्या ठोकाव्यात. यंत्र बरोबर मध्ये लावल्यावर पहिल्या खुंटीवर १.४२२ आणि दुसरीवर १.३१८ आले, तर खरा फरक ०.१०४ मीटर, दोन्ही अंतरे सारखी असल्याने शंकूची चूक दोन्हीकडे सारखीच पडून वजा होते. आता यंत्र दोन्ही खुंट्यांच्या मध्ये, त्यांच्या रेषेतच, पहिलीपासून दोन मीटरवर लावावे. तिथे १.५०७ आले तर दुसऱ्या खुंटीवर १.४०३ यायला हवे. १.४०६ आले तर छत्तीस मीटरच्या जादा अंतरात तीन मिलिमीटरची चूक आहे, आणि तीस मीटरला दीड मिलिमीटर या हिशेबाने छत्तीस मीटरला १.८ मिलिमीटरच चालतात. हे यंत्र दुरुस्तीला द्यावे. तातडीचे काम अडले असेल तर खुणा यंत्रापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा निवडून शंकूच्या दोषातून वाट काढता येते. मात्र एखादा अक्षच कललेला असेल तर ही युक्ती चालत नाही.

लाइन लेझरच्या उभ्या रेघेसाठी ओळंब्याइतकी चांगली चाचणी नाही. अडीच मीटर दोरीला ओळंबा टांगून रेघ दोरीवर पाडावी. वर जुळते आणि खाली सुटते असे झाले तर लोलकाला मार बसलेला आहे. याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लोलकाचे कुलूप न लावता यंत्र मोटरसायकलच्या डिकीत टाकून नेणे. आणि कुलूप लावलेलेच ठेवून रेघ पाडली तर ती हवी तशी तिरकी पडते, पण बघणाऱ्याला सरळच वाटते.

ऊन, उष्णता आणि स्लोप

विदर्भात मे महिन्यात एसी गाडीतून काढलेले यंत्र लगेच सुरू करू नये. पंधरा-वीस मिनिटे ते सावलीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. तापलेल्या जमिनीलगत किरण वाकतो, म्हणून तो निदान अर्धा मीटर वर राहील असे पाहावे आणि लांबची रीडिंगे सकाळी उरकावीत. पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम शंभर मीटरला एक मिलिमीटरच्याही आत असतो, पण तीनशे मीटरला तो सहा-सात मिलिमीटरच्या घरात जातो. यंत्राच्या खोक्यावर मोठी रेंज लिहिलेली आहे म्हणून तेवढ्या अंतरावर जोत्याच्या खुणा करू नयेत. कोकणात पावसाळ्यात काचेच्या आत दव धरते. यंत्र खोक्यात ओलेच बंद केल्यामुळे ते होते.

गच्चीला शंभरास एक असा उतार, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर, देण्यासाठी रोटरी लेझरमध्ये स्लोप भरता येतो. काम संपल्यावर तो शून्य करायचा राहून गेला तर दुसऱ्या दिवशी हॉलची फरशीही त्याच उतारावर बसते. सुरुवातीलाच पडद्यावरचा स्लोप वाचणे हा उपाय आहे. बाथरूमच्या बाबतीत माझे मत असे की, लेझरने फक्त दाराजवळची आणि ट्रॅपजवळची (पाणी जाण्याच्या जाळीजवळची) पातळी द्यावी आणि मधला उतार मिस्त्रीला ठिय्ये (पातळी दाखवणारे मसाल्याचे ठिपके) घालून काढू द्यावा. तिरक्या किरणाच्या मागे लागून लहान जागेत वेळच जातो.

डोळे आणि दुरुस्ती

लेझरच्या सुरक्षा वर्गवारीत साइटवरची बहुतेक यंत्रे वर्ग २ ची, म्हणजे एक मिलिवॉटपर्यंतची, किंवा वर्ग ३आर ची, म्हणजे दृश्य किरणाच्या बाबतीत पाच मिलिवॉटपर्यंतची असतात. किरण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये आणि ऑटो लेव्हलच्या दुर्बिणीतून तर त्याच्याकडे कधीच पाहू नये. यंत्राबरोबर येणारा लाल चष्मा रेघ ठळक दिसण्यासाठी असतो, त्याने डोळ्यांचे रक्षण होत नाही.

किरण फिका पडला की आधी काच मऊ सुती कापडाने पुसावी, थिनर किंवा साइटवरचा बोळा वापरू नये, आणि मग बॅटरी बदलावी. त्यानंतरही दोष राहिला तर यंत्र स्वतः उघडू नये. वर्षापूर्वीचे कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र काल स्लॅबवरून पडलेल्या यंत्राबद्दल काहीच सांगत नाही. दुरुस्तीला देताना ‘फरक दाखवते’ एवढेच लिहू नये. कोणत्या अक्षाला, किती अंतरात आणि किती मिलिमीटर चूक येते हे दोन खुंट्यांच्या रीडिंगसह लिहून द्यावे, आणि यंत्र परत आल्यावर साइटवर नेण्यापूर्वी त्याच खुंट्यांवर तीच चाचणी पुन्हा घ्यावी.