माओचा चीन शिकवताना सिनेमा कुठे थांबवायचा

अकरावीच्या वर्गाला मी माओचा चीन शिकवते तो चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊच्या १९९४ सालच्या 'टू लिव्ह'वरून. सव्वादोन तासांचा हा सिनेमा सलग लावू नका. पहिल्या वर्षी मी लावला. मुलं रडली, पण १९५८ साली नेमकं काय झालं हे कुणालाच सांगता येईना. आता तीनच प्रसंग आणि शेवटी दोन संवाद दाखवते आणि पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगत जाते.

आधी वाड्याचा प्रसंग. सिनेमाचा नायक फूगुई जुगारात वाडा हरतो, आणि पुढे त्याच वाड्यापायी जिंकणारा माणूस जमीनदार ठरून गोळ्या खातो. इथे एकच विचारा: फूगुईचे पाय का लटपटतात?

सगळ्यात जास्त वेळ १९५८ला द्या. घरोघरचं लोखंड गोळा होतंय, तिथेच चित्र थांबवा. १९५७च्या दुप्पट, म्हणजे १ कोटी ७ लाख टन पोलाद वर्षभरात काढायचं सरकारने ठरवलं होतं. मुलांना घरातलं लोखंड लिहायला सांगा: तवा, विळी, अडकित्ता, कोयता. तवाच दिला तर भाकरी कशावर? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळे एकत्रच जेवतायत की!" तोच धागा धरून सामूहिक भोजनशाळांवर या. आणि मग सिनेमा जे दाखवत नाही ते फळ्यावर मांडा: माणसं पोलादाच्या भट्ट्यांवर, पीक शेतात उभं, अधिकाऱ्यांनी फुगवलेले उत्पन्नाचे आकडे आणि त्या आकड्यांवर गावातून उचललेलं धान्य. त्यातून पडलेल्या दुष्काळात दीड कोटी ते साडेचार कोटी माणसं गेल्याचे अंदाज आहेत. पडद्यावर तो दिसतच नाही, म्हणून हा भाग गाळू नका.

तिसरा प्रसंग फूगुईच्या मुलीच्या बाळंतपणाचा, सांस्कृतिक क्रांतीतला, म्हणजे माओने जुन्या विचारांविरुद्ध छेडलेल्या मोहिमेतला. तो लावण्याआधी वर्गाला कल्पना द्या. फूगुईची मुलगी त्यात दगावते, आणि एखाद्या मुलाच्या घरी असं घडलेलं असू शकतं. जाणते डॉक्टर कैदेत, इस्पितळ विद्यार्थिनींच्या हाती. उपाशी प्राध्यापकाला धरून आणतात, तो भुकेपोटी एवढे पाव खातो की ऐन वेळी त्याला उठताही येत नाही. इथे मी काहीच बोलत नाही. थोड्या वेळाने १९६६ ते १९७६ एवढंच फळ्यावर लिहिते.

शेवटी दोन संवाद जोडून दाखवा. फूगुई मुलाला सांगतो: कोंबडीचा हंस होईल, हंसाची मेंढी, मेंढीचा बैल. बैलानंतर? साम्यवाद. कित्येक वर्षांनी नातू तेच विचारतो, तेव्हा उत्तरात आगगाडी येते, विमान येतं. तो शब्द येत नाही. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि उरलेली तासिका मुलांना बोलू द्या.