फोंड्याची वाट: गाडीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी

कोल्हापूरचे आमचे एक नातेवाईक गोव्यातल्या फोंड्याजवळच्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या अभिषेकासाठी निघाले आणि काही तासांनी त्यांचा फोन आला, "फोंड्यात पोचलो, आता देऊळ कोणीकडे?" ते उभे होते सिंधुदुर्गातल्या फोंड्यात, कणकवलीच्या वाटेवर. तेव्हा नकाशात नुसते 'फोंडा' न लिहिता पुढे 'गोवा' लिहावे, आणि शक्य तर शहराऐवजी ज्या देवळात किंवा वाड्यावर जायचे त्याचेच नाव घालावे.

देवळाच्या नावासोबत गावही लागते. म्हाळसेचे देऊळ म्हार्दोळला आहे, तसे वेर्ण्यालाही आहे. सोळाव्या शतकात देवी वेर्ण्याहून म्हार्दोळला आली आणि मूळ जागी अलीकडे पुन्हा देऊळ उभे राहिले. केरी नावाची गावे तर फोंडा, सत्तरी आणि पेडणे अशा तीन तालुक्यांत आहेत, म्हणून तालुका पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. रोमन पाट्या पोर्तुगीज वळणाच्या असल्याने 'बोरिम' वाचले तरी गाव बोरीच, 'क्वेला' दिसले तर ते कवळे, आणि 'बांदोरा' म्हणजे बांदिवडे. रस्त्यात विचारताना मात्र मराठी नावच घ्यावे.

पणजीहून फोंडा सुमारे 30 किलोमीटर आहे. जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, कुंडई, मंगेशी, म्हार्दोळ असे करत रस्ता फर्मागुढीला चढतो. रामनाथी, नागेशी किंवा कवळ्याला जायचे असेल, तर येथूनच बांदिवड्याच्या रस्त्याला लागावे. शहरात शिरून पुन्हा बाहेर पडण्यात वेळ जातो. मडगावहून येणाऱ्यांनी बोरीचा पूल ओलांडून ढवळीला यावे आणि कवळ्यासाठी तेथेच वळावे.

बेळगावहून खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोले, खांडेपार हा मार्ग सरळ फोंड्यात उतरतो, पण पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही याची निघण्यापूर्वी चौकशी करावी. मोल्याच्या जंगलात फोनचा भरवसा नाही, म्हणून या भागाचा नकाशा बेळगावातच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

विमानाने येऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी आहे की मोपा हे पाहूनच मार्ग ठरवावा, कारण मोपा उत्तरेला पेडण्यात आहे.

फोंडा तालुक्याला पाण्याचा वेढा असल्याने कमी अंतराचा म्हणून नकाशा कधी कधी फेरीबोटीचा मार्ग सुचवतो. कुठ्ठाळी–मडकई किंवा राय–शिरोडा अशी नावे दिसली, तर पुढे पूल नसून धक्का आहे असे समजावे. हौस असेल तर जरूर जावे (मुलांना हा प्रवास फार आवडतो), पण अभिषेकाची वेळ गाठायची असल्यास नकाशाच्या पर्यायांत 'फेरी टाळा' निवडावे.

शहरात कोणीही पत्ता सांगताना 'तिस्कावरून' म्हणेल. तिस्क म्हणजे तिठा. हा फोंड्याचा तिस्क, मोल्याच्या रस्त्यावरचा उसगाव-तिस्क नव्हे. गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरतो, त्या दिवसांत बाजाराच्या रस्त्यावर गाडी घालूच नये. ती अलीकडेच लावून चालत जावे.