हिरव्या टोमॅटोचे अमेरिकी काप: मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले

अमेरिकेच्या थंड राज्यांत टोमॅटोची झाडं फळांनी लगडलेली असतानाच हिवाळा येऊन ठेपतो. पारा शून्याखाली गेला की एका रात्रीत झाड काळं पडतं आणि फळंही नासतात. म्हणून हवामानाचा अंदाज पाहून आदल्या दिवशी सगळी हिरवी फळं उतरवून घेतात. न्यू जर्सीत परसबाग करणाऱ्या मराठी घरांतही ऑक्टोबरात टोपलीभर हिरवे टोमॅटो ओट्यावर येतात आणि यांचं करायचं काय, असा प्रश्न पडतो. त्यावरचं तिथलं जुनं उत्तर म्हणजे फ्राइड ग्रीन टोमॅटो: जाड चकत्या, त्यावर मक्याच्या पिठाचं आवरण आणि थोड्या तेलात तळण.

आज हा पदार्थ अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना अशा दक्षिणेकडच्या राज्यांचा म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या जुन्या छापील कृती 19व्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात त्या प्रामुख्याने ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागांत. पिकायच्या आत झाड जातं ते तिकडेच, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. 1991 साली एका हॉलिवूड चित्रपटाच्या नावातच हा पदार्थ आला, त्याची गोष्ट अलाबामातली होती आणि मग दक्षिणेतल्या हॉटेलांनी तो मेन्यूवर मानाने चढवला. मक्याचं पीठ आणि ताक ही जोडी मात्र दक्षिणेच्या स्वयंपाकाची खरीखुरी ओळख आहे. खाली दिलेली पद्धत त्याच वळणाची आहे.

वांग्याचे किंवा सुरणाचे काप करणाऱ्यांना यातलं बरंचसं हातवळणी असेल. फरक एकच, पण मोठा: टोमॅटोत पाणी फार. ते पाणी कुठे काढायचं, कुठे अडवायचं आणि कुठे वाफ होऊन जाऊ द्यायचं, एवढं जमलं की काप उत्तम होतात.

टोमॅटो कसा निवडावा

निम्मा पदार्थ इथेच ठरतो. पूर्ण वाढलेला, पण अजिबात न पिकलेला टोमॅटो हवा. कैरीसारखा टणक. अंगठ्याने दाबल्यावर जरासुद्धा दबता कामा नये. बुडाशी पांढरट झाक असली तर उत्तम, कारण फळ पूर्ण पोसल्याची ती खूण आहे. कापल्यावर आत किंचित गुलाबीपणा दिसला तर चालतो. बाहेरून लाली चढली असेल तर तो टोमॅटो भाजीत घाला. तळताना त्याचा लगदा होईल. लिंबाएवढी कोवळी फळंही नकोत. टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य कोवळ्या फळात जास्त असतं आणि फळ वाढतं, पिकतं तसं कमी होत जातं. पूर्ण वाढीचे हिरवे टोमॅटो आपण चटणीत, भाजीत खातोच, त्यामुळे त्यांची काळजी नको.

परदेशात दुकानातून आणताना दोन गोष्टी जपा. पिकल्यावरही हिरव्याच राहणाऱ्या काही जाती मिळतात. त्या आतून मऊ आणि रसाळ असतात. आणि कागदी वेष्टणातला टोमाटिओ हे वेगळंच फळ, मेक्सिकन साल्साचं. महाराष्ट्रात हे काम सोपं आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारपट्ट्यात टोमॅटो उदंड पिकतो आणि शहरातल्या मंडईतही चटणीसाठी म्हणून हिरवे टोमॅटो मिळतात. भाजीवाल्याला सांगून टणक, मोठे, गोल निवडून घ्या. लांबट जातीच्या चकत्या लहान पडतात.

आणलेल्या दिवशी करायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा. एरवी टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात, कारण त्याचं पिकणं थांबतं. इथे आपल्याला तेच हवंय. बाहेर, त्यातही केळ्यांच्या शेजारी ठेवलेत तर दोन-चार दिवसांत रंग धरतील.

साहित्य (चार जणांसाठी)

मोठे हिरवे टोमॅटो 4, म्हणजे साधारण 600 ग्रॅम
मैदा 1 वाटी
मक्याचं जाडसर पिवळं पीठ 1 वाटी
अंडं 1
दाट ताक अर्धी वाटी
मीठ, ताजी मिरपूड, अर्धा चमचा लाल तिखट
शेंगदाण्याचं तेल, पॅनमध्ये सुमारे 1 सेंटीमीटर उंचीपर्यंत येईल इतकं

पिठाची गल्लत होऊ देऊ नका. सूप दाट करायला वापरतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च. इथे वाळलेला मका दळून केलेलं पिवळं पीठ लागतं, हाताला रवाळ लागेल असं. मक्याच्या भाकरीचं पीठ बारीक असतं. तेच हाताशी असेल तर त्यात तीन चमचे बारीक रवा मिसळा. पोलेन्टा या इटालियन पदार्थासाठी मिळणारा फार भरड मका घेऊ नका, तळल्यावरही दाताखाली खडे आल्यासारखा लागतो.

अमेरिकेतलं बाजारी ताक दाट आणि आंबट असतं. आपलं जेवणानंतरचं पातळ ताक त्याच्या जागी चालणार नाही. आंबटसर दही घुसळून त्यात दोन चमचे पाणी घाला, चमच्यामागे थर राहील इतकंच पातळ करा. अंडं नको असेल तर याच दह्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. ते पांढरं पाकीट इथे उपयोगी येतं.

बेसनाचा मोह मात्र टाळा. बेसनात बुडवलेल्या हिरव्या टोमॅटोची भजी चवदार होतात, यात शंका नाही. पण बेसनाची स्वतःची चव ठसठशीत, ती टोमॅटोच्या आंबटपणावर बसते. मक्याच्या पिठाला हलका गोडवा असतो आणि तो आंबट चवीला पुढे येऊ देतो. सगळी गंमत या गोड-आंबटाच्या जोडीत आहे.

चिरणं आणि पाणी काढणं

टोमॅटो धुऊन कोरडे करा. देठाकडची आणि बुडाकडची चकती काढून बाजूला ठेवा. तिची एक बाजू नुसती साल असते आणि गुळगुळीत सालीवर पीठ टिकत नाही. बाकीच्याच्या आडव्या चकत्या करा, जाडी 7 ते 8 मिलिमीटर. दातेरी सुरी असेल तर ती घ्या. याहून पातळ चकती आवरणातच विरघळून जाते. सेंटीमीटरहून जाड झाली तर बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून कच्ची राहते.

चकत्या जाळीवर किंवा चाळणीत पसरा, दोन्ही बाजूंना मीठ भुरभुरा आणि 20 मिनिटं तशाच राहू द्या. पृष्ठभागावर थेंब येतील. मग स्वच्छ पंच्याने एकेक चकती दाबून टिपा, बियांच्या खाचांतूनसुद्धा. दक्षिणेतल्या कितीतरी घरांत ही पायरी करत नाहीत, थेट पिठात घालतात. माझं मत ठाम आहे: वगळू नका. मिठाने चकतीला आतपर्यंत चव लागते, आणि वरचं पाणी गेल्यामुळे तेलात आवरण सुटून येत नाही. नंतर पिठात मीठ बेतानेच घाला.

आवरण

तीन पसरट ताटल्या घ्या. पहिलीत निम्मा मैदा. दुसरीत अंडं आणि ताक, एकजीव फेटून. तिसरीत मक्याचं पीठ, उरलेला मैदा, मिरपूड, तिखट आणि चिमूटभर मीठ.

क्रम हाच ठेवा. कोरडा मैदा उरलीसुरली ओल शोषतो आणि अंड्याला धरायला जागा देतो. अंडं तेलात लगेच आळतं आणि मक्याचं पीठ चकतीला चिकटवून ठेवतं. मक्यात ग्लुटेन नसतं, त्याचं एकट्याचं आवरण भुसभुशीत राहतं. म्हणून तिसऱ्या ताटलीतही मैदा.

मैद्यातून काढल्यावर चकती झटका. ताकातून काढल्यावर जास्तीचं निथळू द्या. मक्याच्या पिठात ठेवून तळव्याने अलगद दाबा, उलटा, पुन्हा दाबा. कडाही घोळवा. एक हात कोरड्या पिठांसाठी आणि दुसरा ताकासाठी राखला तर बोटांवर पिठाचे गोळे जमत नाहीत.

घोळवलेल्या चकत्या जाळीवर 10 मिनिटं ठेवा. तेवढ्यात पीठ ओल धरतं आणि आवरण घट्ट बसतं. फार वेळ मात्र ठेवू नका, टोमॅटो पुन्हा पाणी सोडू लागतो.

तळणं

बिडाचा खोलगट तवा यासाठी सर्वांत चांगला. तो एकदा तापला की चकत्या पडल्यावर लगेच थंड होत नाही. नसेल तर जाड बुडाचं पसरट पॅन घ्या. दक्षिणेत पूर्वी बेकनची चरबी वापरत, आता शेंगदाण्याचं तेलही बरंच चालतं. आपल्या घरात ते असतंच.

तेल 175 ते 180 अंश सेल्सिअसवर आणा. तापमापी नसेल तर मक्याच्या पिठाची चिमूट टाकून पाहा: ताबडतोब सळसळून फेस यावा, पण पीठ काळवंडू नये. सळसळ मंद असेल तर थांबा. कोमट तेलात काप तेल पितात आणि मऊ पडतात.

एका वेळी चार-पाच चकत्या, एकमेकींना न चिकटता. सोडल्यावर हात लावू नका. कडा सोनेरी दिसू लागल्या की, साधारण अडीच-तीन मिनिटांनी, चिमट्याने एकदाच उलटा. दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. रंग गडद सोनेरी हवा. मक्याचं पीठ फिकट राहिलं तर कच्चट लागतं. टोमॅटो आतून शिजलेला, पण आकार धरून असलेला हवा.

प्रत्येक घाण्यानंतर तेलात पडलेला चुरा बारीक जाळीच्या झाऱ्याने काढा. मक्याचे कण लवकर करपतात आणि पुढच्या घाण्याला कडवटपणा येतो. मग तेल पुन्हा तापू द्या.

काप जाळीवर काढा. कागदावर ठेवले तर खालची वाफ कोंडते आणि तळाची बाजू मऊ पडते. झाकू तर मुळीच नका. सगळ्यांना एकदम वाढायचे असतील तर जाळीसकट ओव्हनमध्ये 95 अंशांवर ठेवा.

एअर फ्रायरमध्येही होतात: तेलाचा फवारा सढळ हाताने मारून 200 अंशांवर 10 ते 12 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. आवरण जरा कोरडं, पिठूळ राहतं. पहिल्यांदा करताना तरी तेलातच करा.

सोबत काय

लुइझियानात, विशेषतः न्यू ऑर्लिन्समध्ये, या कापांवर रेमुलाड सॉस आणि थंडगार कोळंबी घालतात. घरी सॉस असा करा: अर्धी वाटी मेयोनीज, एक चमचा तयार मस्टर्ड, ठेचलेली लसणाची एक पाकळी, बारीक चिरलेली कांद्याची पात, खारवलेल्या काकडीचे तुकडे, थोडं तिखट आणि लिंबाचे चार थेंब. अर्धा तास आधी करून फ्रिजमध्ये ठेवा. उकडून गार केलेली कोळंबी यात मिसळून गरम कापावर घातली की पोटभरीचा पदार्थ होतो. जॉर्जिया आणि कॅरोलायनात पिमेंटो चीज लावतात, किसलेलं चेडर, मेयोनीज आणि गोडसर लाल मिरची कालवून केलेलं. ब्रेडमध्ये कोबी किंवा लेट्यूसबरोबर घालूनही छान लागतात. टोमॅटो केचप नको. आंबटावर आंबट होतं आणि मक्याचा गोडवा हरवतो.

गरमच खा. उरलेच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये 200 अंशांवर सात-आठ मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

बाजूला ठेवलेल्या देठा-बुडाच्या चकत्या टाकू नका. चमचाभर तेलात दोन हिरव्या मिरच्या, लसूण आणि त्या चकत्या मऊ होईपर्यंत परता, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि गुळाचा खडा घालून जाडसर वाटा. भाकरीबरोबर दोन दिवस पुरेल इतकी चटणी होते.