पाइप भिंतीबाहेर आला तर: फ्रेमिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

लाकडी चौकटीच्या घरात आधी जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब पडतो, भिंती नंतर उभ्या राहतात. ड्रेनचे, म्हणजे सांडपाण्याचे, पाइप मात्र स्लॅबच्याही आधी जमिनीत बसवलेले असतात. माप चुकलं किंवा काँक्रीट ओतताना पाइप सरकला, की भिंतीत दडायला हवा तो पाइप दोन इंच बाहेर डोकावतो. नव्या माणसाचा हात अशा वेळी थेट करवतीकडे जातो. तो मी दरवेळी थांबवतो.

पाइप चुकलाय की स्लॅबवर मारलेली भिंतीची रेघ, हे आधी ठरवा. दोन बाहेरच्या भिंतींपासून फेरमोजणी करा. बऱ्याचदा पाइप जागेवरच असतो आणि रेघ मारताना भिंतीवर ठोकायच्या बोर्डाची जाडी विसरलेली असते. कमोडच्या फ्लँजचा, म्हणजे कमोड ज्यावर बसतो त्या पाइपच्या कड्याचा, मध्य साधारणपणे तयार भिंतीपासून 12 इंचांवर धरतात. अर्धा इंच बोर्ड लागणार असेल तर उघड्या स्टडपासून, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडापासून, तो साडेबारा इंच हवा.

मग भिंत वरच्या बांधकामाचा भार घेते का, ते पाहा. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार, म्हणजे आयआरसीनुसार, भार घेणाऱ्या स्टडला रुंदीच्या 25 टक्क्यांपर्यंत खाच आणि 40 टक्क्यांपर्यंत भोक चालतं. भार नसलेल्या स्टडला 40 आणि 60 टक्के. ‘दोन बाय चार’ इंच म्हणून विकला जाणारा स्टड प्रत्यक्षात साडेतीन इंच रुंद असतो, म्हणजे भाराच्या भिंतीत खाच जेमतेम पाऊण इंचाच्या थोडी वर. तीन इंची पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यासच साडेतीन इंच! तो त्या भिंतीत कापून बसवायचा प्रश्नच येत नाही. बाथरूमची पाइपवाली भिंत दोन बाय सहाची करतात ती याचसाठी.

साधी पार्टिशन असेल तर ती सरकवणं मला सर्वांत स्वच्छ उपाय वाटतो. पण पलीकडच्या खोलीचं काय होतं ते आधी मोजा. टबची जागा 60 इंचांची असेल तर अर्धा इंच गेला तरी टब बसत नाही. पॅसेज 36 इंचांखाली आणि कमोडच्या मध्यापासून बाजूची तयार भिंत 15 इंचांच्या आत येऊ देऊ नका.

भिंत हलत नसेल तर समोर स्टडची दुसरी ओळ उभी करून ती जाड करा. पूर्ण लांबीभर करा. मध्येच आलेला फुगवटा घरमालकाला रोज दिसतो. दाराच्या चौकटीची खोली वाढेल, हे सुताराला आजच सांगा.

भार घेणारी बाहेरची भिंत असेल तर मात्र स्लॅब फोडून पाइपच वळवायला लावा. प्लंबर कुरकुरेल, तरी ठाम राहा. एकच अट: स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल्स आहेत का, याची खात्री झाल्याशिवाय कटर चालवू नका. अशी केबल तुटली तर जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

बोर्ड लावण्याआधी प्रत्येक भोक पुन्हा बघा. प्लास्टिकचा किंवा तांब्याचा पाइप स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तिथे पोलादी पट्टी ठोका, नाहीतर बोर्डाचा स्क्रू थेट पाइपात जातो. भाराच्या भिंतीची वरची प्लेट, म्हणजे स्टडच्या डोक्यावरचं आडवं लाकूड, रुंदीत निम्म्याहून जास्त कापली गेली असेल, तर तिथे 16 गेजची धातूची पट्टी कापाच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी बसवूनच तपासनिसाला बोलवा.