उन्हाळ्यात फिरणं बंद झालं तर खुर्चीवरून उठबस करा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, मग घरातली म्हातारी माणसं सकाळचं फिरणंपण बंद करतात आणि पावसाळा येईपर्यंत पायातला जोरच जातो. बाकी काही जमलं नाही तरी आजी-आजोबांना घरातच खुर्चीवरून उठबस करायला लावा. प्लास्टिकची हलकी खुर्ची सरकते म्हणून भिंतीला टेकवून ठेवा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, पुढे वाकून उठायचं आणि बसताना धपकन नाही, एकदम हळू, खरी ताकद त्या हळू बसण्यातच येते. हातांचा आधार घेतला तरी चालतं. पाच वेळा, थोडं थांबून परत पाच, श्वास रोखायचा नाही.

दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, तोल सांभाळायला खूप कामाचं आहे, डब्ल्यूएचओपण ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोलाचे व्यायाम करायला सांगते.

बीपीची गोळी चालू असेल तर उठल्यावर क्षणभर थांबून मगच पाऊल टाका. गुडघा सुजला असेल किंवा छातीत दुखत असेल तर लगेच बंद करा, आधी डॉक्टरांना दाखवा.